आंबे आणि रोजे एकाच महिन्यात

यंदा आंब्याची पहिली पेटी घरी आली तेव्हा रमजान होऊन गेला होता. आमचे हे फळमार्केटात एका व्यापाऱ्याकडे कामाला आहेत, त्यामुळे सीझनची पहिली पेटी कधी येणार याची आमच्या घरात वाट बघावी लागत नाही, ती येतेच. यांनी पेटी पलंगाखाली सरकवली, वरचं गवत सारखं केलं, आणि आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघे धरत तिथं हजर. एकेक आंबा नाकाशी नेला आणि परत ठेवला. मग मला म्हणाल्या, "फरीदाचं रोजं संपलं न्हवं गं?"

"कधीच. ईदसुद्धा झाली. तुम्हीच नाही का फोनवर तासभर बोलत बसला होता?"

त्यांनी गवत पुन्हा आंब्यांवर ओढलं आणि पलंगाचा आधार घेत उठल्या.

रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. आपण अधिक महिना घालून सणांना जागेवर आणून बसवतो, तसं तिकडे कुणी करत नाही, म्हणून तो थंडी, पावसाळा, उन्हाळा सगळीकडून फिरून येतो. आंबा मात्र आपला महिना सोडत नाही. काही वर्षांपूर्वी हे दोघं एकत्र आले होते, भर एप्रिलात. नेरूळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एका दाराआड आंबे पिकत होते आणि समोरच्या दाराआड संध्याकाळी रोजा सुटत होता. तो महिना माझ्या डोक्यातून जात नाही. पेटी उघडली की पहिला आठवतो तो तोच.

समोर फरीदाभाभी आणि इस्माईलभाई राहायचे. मूळचे उरणकडचे. इस्माईलभाई बंदरावर नोकरीला होते, रिटायर झाले आणि मग दिवसभर गॅलरीत पेपर घेऊन बसायला लागले. मुलगा अमीन बायकोमुलांना घेऊन तळोज्याला राहायला गेलेला. आईबापांनीही तिकडेच यावं म्हणून दर रविवारी त्याचा धोशा असायचा, "अम्मी, तिथे सगळी आपली माणसं आहेत." आणि दर रविवारी फरीदाभाभींचं उत्तर एकच, "इथं समोर आक्का हाय ना."

आक्का नेरूळला आल्या त्या माझे सासरे गेल्यावर. सासरे मार्केटात माथाडी होते, अख्खा जन्म गाळ्यावर पोती वाहिली, आणि आक्का साताऱ्याकडच्या गावात शेत आणि पोरं सांभाळत राहिल्या. नवरा जिवंत असताना ज्या शहरात राहायला मिळालं नाही, तिथं त्या विधवा होऊन आल्या. पहिले सहा महिने त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी बेलापूरला ऑफिसात, हे मार्केटात, आमची मुलगी सई शाळेत. त्यांच्याशी पहिल्यांदा धड बोलली ती समोरची बाई. दूध घ्यायला दार उघडलं तर समोरूनही दार उघडलं आणि फरीदाभाभींनी विचारलं, "काय आज?"

बस, इथून सुरू झालं. सकाळी दूधवाला गेला की दोन्ही दारं उघडी, दोघी आपापल्या उंबऱ्यात, मध्ये चार पावलांचा पॅसेज.

"काय आज?"

"गवार," भाभी म्हणायच्या. "तुमी?"

"बघू. एक वांगं हाय, म्हातारं झालंय माझ्यावानी."

"टाका त्याचं भरीत."

"त्याला भाजायला गॅस जाईल तेवढ्यात दुसरी भाजी हुतीया."

मी आत केस विंचरता विंचरता हे रोज ऐकायची. कान देऊन ऐकलं आहे, म्हणून खात्रीनं सांगते, त्यात एक म्हणून महत्त्वाची गोष्ट नसायची. पाणी किती वाजता गेलं, मोलकरणीनं पुन्हा दांडी मारली, गुडघ्याला कुठलं तेल, इस्माईलभाईंची साखर. मला गंमत वाटायची. एवढ्याशा बोलण्यासाठी रोज उठून दारात काय उभं राहायचं? मग एकदा काय झालं, मी दुपारी ऑफिसात असताना भाभींचा फोन. "आक्कांना ताप हाय. डॉक्टरकडं नेऊन आनलं मी, टेन्शन घेऊ नको." मी म्हटलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं? मला तर सकाळी काहीच बोलल्या नाहीत. भाभी म्हणाल्या, "मला पन नाय सांगितलं. पन 'बरं हाय' बोलल्या ना, ते रोजच्यासारखं नाय बोलल्या." रोजचं 'बरं हाय' कसं असतं हे माहीत असलेलं माणूस मिळणं सोपं नाही. रोज ऐकल्याशिवाय ते कळतच नाही.

दाराच्या बोलण्याबरोबर भांड्यांचं येणंजाणंही होतं. भाभींचा एक काचेचा बाऊल होता. तो तांदळाची सांदणं घेऊन आमच्याकडे यायचा आणि पुरणपोळी घेऊन परत जायचा. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी नुसते दोन पेरू. घरात काहीच नसलं तर आक्का चिमूटभर साखर तरी घालायच्या. भांडं मोकळं परत द्यायचं नाही, हे दोन्ही घरांत सारखंच होतं. ते कुणी कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

त्या एप्रिलात नाना गेले. माझ्या सासऱ्यांचे चुलत भाऊ, आक्कांचे दीर. फोन आला तशी आम्ही दोघं गावी निघालो. तेराव्यापर्यंत तिथं राहणं भागच होतं. आक्कांना गुडघ्यांमुळे एवढा प्रवास झेपणार नव्हता आणि सईची वार्षिक परीक्षा चालू होती, म्हणून त्या दोघी मागे राहिल्या. निघायच्या गडबडीत बॅग, गाडी, सईच्या डब्याची सोय हे सगळं बघितलं गेलं. समोरच्या दारावर टकटक करून सांगायला मात्र कुणीच गेलं नाही. सांगावं लागतं असंच कुणाला वाटलं नाही.

पुढचं मला दोन्ही बाजूंनी नंतर कळलं, तसं सांगते.

भावकीतलं माणूस गेलं म्हणजे आम्हाला सुतक. आक्का या बाबतीत कडक. देवाला दिवा नाही, भाजीला फोडणी नाही, कुणाच्या घरात जायचं नाही, आणि आपल्या घरातला कण कुणाला द्यायचा नाही. बाहेरून आलेलं चालतं, आपल्याकडून जाता कामा नये. त्यांनी दार लावून घेतलं. सकाळचं दूधही सईनंच आत घ्यायचं.

आणि त्याच दिवसांत रमजान. एका संध्याकाळी भाभींनी बेल वाजवली आणि सईच्या हातात बाऊल दिला, फळं आणि गरम भजी. सईनं घेतला, थँक्यू म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी आक्कांनी बाऊल घासून पुसून ठेवला. त्यात काय घालणार? पेटीतले आंबे पिकून घमघमत होते, पण सुतकातला आंबा कसा द्यायचा? साखर कशी द्यायची? सुतकात समोरच्याच्या अंगाला हात लागू नये म्हणून बेलही वाजवली नाही. बाऊल कापडी पिशवीत घातला, पिशवी समोरच्या दाराच्या कडीला अडकवली आणि परत आल्या.

आता हेच समोरच्या दारातून बघा. गेले काही दिवस आक्का दिसत नाहीत. सकाळी दार उघडत नाही. रमजानात पाठवलेला बाऊल परत येतो तो मोकळा, धुऊन लख्ख, दाराला टांगलेला, बेल न वाजवता. आणि नेमकं त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी संध्याकाळी रोजा सोडायला येणाऱ्या माणसांवरून एक वाकडा मेसेज टाकलेला. दोन-चार जणांनी त्याला अंगठे दिले, बाकीचे गप्प. घर अमीनच्या नावावर, म्हणून तो ग्रुपवर होता. त्यानं तो आईला वाचून दाखवला आणि रविवारचं वाक्य पुन्हा म्हटलं, "अम्मी, तिथे आपली माणसं आहेत." या वेळी फरीदाभाभी म्हणाल्या, "बरं. बघ तू."

आम्ही गावाहून परत आलो तर आक्का रागानं फुगलेल्या. मला वाटलं, दीर गेल्याचं दुःख. ते होतंच, पण वर दुसरं होतं. "माझा दीर गेला," त्या म्हणाल्या, "आन समोरचं माणूस दोन शब्द इचाराय आलं न्हाई. येवढी वर्सं मी काय केलं मग?"

"पण आक्का, त्यांना सांगितलं होतं का?"

"सांगाय काय लागतंय? दार बंद, फोडणीचा वास न्हाई, दिवा न्हाई. कळत न्हाई व्हय माणसाला?"

आक्कांचं बरोबर होतं, पण ते गावात. गावात भरदिवसा दार बंद दिसलं की अर्ध्या तासात गल्ली गोळा होते, काय झालं म्हणून. नेरूळमध्ये सगळीच दारं बंद असतात. इथं बंद दाराला काही अर्थच नाही, आणि अर्थ नसलेल्या गोष्टीत माणूस आपल्या भीतीचा अर्थ भरतो. फरीदाभाभींनी तेच केलं. आक्कांनीही तेच केलं. दोघी शहाण्या, दोघी मायाळू, आणि दोघी आपापल्या दाराआड दुसरीची वाट बघत बसलेल्या. मला आजही यातली कुणी चुकली असं म्हणवत नाही.

सुतक फिटलं तरी सकाळचं दार उघडलं नाही. मग एका शनिवारी मी भाजी घेऊन वर आले तर समोरच्या दारात ब्रोकर, त्याच्यामागे एक जोडपं, आणि इस्माईलभाई मान खाली घालून त्यांना किचन दाखवतायत. मी पिशव्या घरात टाकल्या, लोकं जाईपर्यंत थांबले आणि सरळ समोर गेले.

भाभींनी दार उघडलं. "ये," म्हणाल्या. एरवी स्वतःचा रोजा असला तरी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. त्या दिवशी चहाचं नाव नाही. मी म्हटलं, "भाभी, घर विकताय?"

"अमीन बोलतो, तिकडं आपली मानसं हायत."

"आणि इकडे?"

त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "इकडं पन होती, असं वाटायचं मला." आणि बाऊलचं सांगितलं. रागावून नाही. आपल्यालाच कशाची तरी लाज वाटावी तसं सांगितलं. "आमच्या हातचं नको असेल तर तोंडावर बोलायचं ना. मी नसतं पाठवलं. दाराला काय टांगायचं?"

मी सांगायला लागले, भाभी, तसं नाही हो, आमच्याकडे नाना गेले, आम्हाला सुतक होतं, सुतकात आमच्यात... त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही.

"कोन गेलं?"

"आक्कांचे दीर. गावाकडं."

"आनि मला कोनी सांगितलं नाय?"

सुतक म्हणजे काय, बाऊल मोकळा का आला, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. ओढणी डोक्यावरून घेतली आणि माझ्याआधी आमच्या घरात शिरल्या. आक्का पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. भाभी शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आक्का, काय झालं होतं त्यांना?"

आक्कांनी आधी भिंतीकडे बघितलं. मग बोलायला लागल्या ते थांबेनात. नानांचं आजारपण, शेवटचं बोलणं, आपल्याला जाता आलं नाही याची खंत. आणि मग एक गोष्ट, जी इतक्या वर्षांत मलासुद्धा सांगितली नव्हती. सासरे मुंबईत आणि त्या गावात पोरांना घेऊन एकट्या, तेव्हा नाना रोज शेतावरून येताना अंगणात थांबायचे. आत यायचे नाहीत. तिथूनच विचारायचे, "वहिनी, जेवला का?" त्या आतून म्हणायच्या, "व्हय." की ते चालते व्हायचे. "येवढंच. कवा उपाशी असले तरी मी व्हयच म्हनायची. पण रोज कुणीतरी इचारणारं हाय म्हणून म्या ती वर्सं काढली." फरीदाभाभी ऐकत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "मग आज जेवलात का तुमी?" आक्का म्हणाल्या, "न्हाई." आणि दोघी एकदम रडायला लागल्या. मी किचनमध्ये निघून गेले, कारण त्या दोघींत माझं काही काम नव्हतं.

त्या संध्याकाळी भाभींचा रोजा आमच्याकडे सुटला. इस्माईलभाईंना हाक मारून बोलावून घेतलं. आक्कांनी स्वतः पलंगाखालून आंबे निवडले, स्वतः चिरले, आणि सालीला गर राहिला म्हणून मला बोलल्या, जणू ती सुरी माझ्याच हातात होती. बाऊलचा विषय निघाला तो अगदी शेवटी. आक्कांनी सुतकाचं सगळं सांगितलं आणि भाभींनी ग्रुपवरच्या मेसेजचं. आक्का म्हणाल्या, "आगं, तुला माझ्याबद्दल आसं वाटलंच कसं?"

"तुमाला नाय वाटलं का, मी मुद्दाम आले नाय म्हनून?"

खरं होतं ते.

एवढ्यावर सगळं नीट व्हायला पाहिजे होतं. पण तळोज्याचं घर बुक झालं होतं, आणि त्या शनिवारच्या जोडप्यानं इथलं घर पसंत केलं होतं. भाभींनी अमीनला विचारून बघितलं, थांबवता येईल का. तो मला जिन्यात भेटला, फार सरळ मुलगा. म्हणाला, "काकू, अम्मी दर वेळी नाही म्हणायची. त्या दिवशी एकदम हो म्हणाली. मी का म्हणून विचारलंच नाही. उलट बरं वाटलं मला." आता मागं फिरता येत नाही, एवढं त्यानं सांगितलं.

ईदला आक्का सकाळपासून समोरच होत्या. त्यानंतरचे उरलेले दिवस त्या दोघींनी असे काढले की दारं बंद म्हणून झालीच नाहीत. उन्हाळा मरणाचा होता, पॅसेजमध्ये वारं नाही, तरी दोघी खुर्च्या टाकून तिथंच. काय बोलत होत्या म्हणाल, तर तेच. गवार, गुडघे, पाणी. मला वाटलं होतं, जाणारं माणूस आणि राहणारं माणूस काहीतरी मोठं बोलतील. तसं काही नाही. आता मात्र मला त्यात गंमत वाटत नव्हती. मी केस विंचरायचे थांबवून ऐकत राहायची. पावसाच्या आधी टेम्पो आला. आक्का खाली उतरल्या नाहीत, गॅलरीतून बघत राहिल्या. टेम्पो वळला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "जाऊ दे, पोराजवळ चालली, चांगलंच हाय," म्हणाल्या आणि डाळ निवडायला बसल्या.

आता फोन असतो, रोज, न चुकता. "काय आज?" तिकडूनही विचारलं जातं. भेटणंही होतं, दोन-तीन महिन्यांतून. पण फोनवर आपण बरं आहे म्हटलं की पलीकडच्याला ते मानावं लागतं. त्यात दार उघडल्यावर दिसणारा चेहरा नाही. आक्कांना यंदा फेब्रुवारीत ताप आला तो भाभींना दुसऱ्या दिवशी कळला. त्यांनी मला झाडलं, "एवढं बी नाय सांगत?" मला त्यांच्या रागाचं बरं वाटलं.

ज्यांनी घर घेतलं, ते लोक काही तिथं राहायला आले नाहीत. भाडेकरू येतात आणि जातात. आमची तोंडओळख होईपर्यंत त्यांचा टेम्पो लागलेला असतो. पेटी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुन्हा नवीन आले. तरुण जोडपं, दोघंही लॅपटॉपवाले, खोक्यांवर खोकी चढवत होते. आक्कांनी थोडा वेळ आवाज ऐकला. मग उठल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि मला म्हणाल्या, "चल जरा." मला वाटलं, पाणी हवं का विचारतील, चहाचं बघतील.

ती मुलगी दारातच होती, हातात मिक्सरचं खोकं. आक्कांनी दाराच्या चौकटीला धरलं आणि थेट सुरुवात केली. "मी समोरची. मला आक्का म्हणायचं. आन आता माझं ऐकून घे. आमच्याकडं कोण गेलं, कोण आजारी पडलं, तर मी यिऊन तोंडानं सांगीन. तुमच्याकडं काय झालं तर तुमी सांगायचं. माझं काय खटकलं, तर मनात ठिवायचं न्हाई, बेल वाजवायची. दार बंद असलं तरी वाजवायची. मला कमी ऐकू येतं, तवा दोनदा वाजवायची."

मुलीला आधी हसू आलं. राहायला आल्या दिवशी कुणाच्या मरणाबिरणाचं कोण बोलतं? मग तिनं आक्कांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि खोकं खाली ठेवलं. "हो आजी," ती म्हणाली, "आम्ही पण सांगू."

घरात येऊन आक्का दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. भाभींचा टेम्पो गेला तेव्हा आलं नव्हतं ते सगळं पाणी आता आलं. मी शेजारी स्टूल ओढून बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या उघड्या दाराकडे बघत म्हणाल्या, "बघ की, दोन मिंटं बी लागली न्हाईत. फरीदाला सांगाय काय जात हुतं माझं?"